लाल बिल्ला

सकाळी वेणी घालता घालता पाठांतर, हा टिटवाळ्याच्या त्या घरातला नेम होता. एका बाजूची वेणी होईस्तोवर एक धडा, दुसऱ्या बाजूची होईस्तोवर दुसरा. संचिता विंचरता विंचरता प्रश्न विचारायची आणि सान्वी समोरच्या भिंतीकडे बघत उत्तरं द्यायची.

"व्हिच ऑर्गन डायजेस्ट्स अवर फूड?"

"स्टमक डायजेस्ट्स अवर फूड."

"व्हॉट इज स्टमक?"

"स्टमक इज ॲन इंटर्नल ऑर्गन."

पोरगी दुसरीत. बोलायची कशी, तर एका दमात, कुठं अडखळणं नाही, कुठं थांबणं नाही. संचिताला धन्य वाटायचं. स्वतः ती विठ्ठलवाडीच्या मराठी शाळेत शिकलेली, बारावी कॉमर्स. या वयात तिला इंग्रजीची एबीसीडीसुद्धा धड येत नव्हती आणि तिची लेक बघा, इंटर्नल ऑर्गन म्हणते. अन्न पचवणारं ते स्टमक म्हणजे आपलं पोटच, हे मात्र तिनं लेकीला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही, अशी शाळेची सक्त ताकीद होती.

जूनमधल्या पहिल्याच पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलेलं. घरात फक्त इंग्रजी बोला, शब्दाचा अर्थ मराठीत सांगू नका, सांगितलात की मूल दोन दगडांवर पाय ठेवतं आणि मधल्यामध्ये बुडतं. सभेतल्या निम्म्या पालकांना बाईंचं इंग्रजी कळलं नव्हतं. पण माना सगळ्यांनी डोलावल्या, कारण कळलं नाही असं कळू देण्यापेक्षा मान डोलावणं सोपं. संचिताचीही मान डोलली.

तिला हसायचं कुणी? तिचा नवरा सुदेश ठाण्याला एका मोठ्या गोदामात कामाला. कामाला वाघ, पण साहेबांच्या मीटिंगमध्ये तोंड उघडता येईना, म्हणून मागून आलेली पोरं त्याच्या डोक्यावर साहेब होऊन बसली. असा पहिला पोरगा साहेब झाला त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नव्हता. आपली पोर अशी कुणासमोर मुकी राहायला नको, एवढंच त्या दोघांनी ठरवलं होतं. आता बघा, किती साधी इच्छा, आणि तिचं पुढं काय झालं ते ऐका.

त्या सहामाहीत सान्वीला पुष्कळ शिकायचं होतं. परिसराच्या पुस्तकात माझं शरीर, माझे शेजारी आणि पाण्याचे उपयोग. गणितात हातच्याची बेरीज आणि पाढे. इंग्रजीत कविता, कॉम्प्युटरच्या तासाला माऊसचे भाग, चित्रकलेत फळांची टोपली, आणि मूल्यशिक्षणात नेहमी खरं बोलावं. मराठीचेही तास होते. तिथं मराठी बोलायला मुभा होती म्हणतात, पण बिल्ल्याची धास्ती घेतलेली पोरं तिथंही दातखीळ बसल्यागत बसायची.

हा बिल्ला म्हणजे त्या शाळेची शिस्त. वर्गात एकच, लाल रेशमी फितीचा. जो मराठीत बोलेल त्याच्या छातीवर तो पिनेनं लावायचा. मग त्यानं दिवसभर कान टवकारून हिंडायचं आणि दुसऱ्या कुणाला मराठीत बोलताना पकडलं की बिल्ला त्याच्या अंगावर ढकलायचा. शेवटी ज्याच्याकडे उरला तो दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभा. म्हणजे पोरांनी पोरांवरच पाळत ठेवायची. सान्वी जूनमध्ये प्रार्थनेला उभी राहिली, परत राहिली, आणि मग शहाणी झाली. शहाणी म्हणजे गप्प.

पूर्वी ही पोर शाळेतून आली की चपला काढायच्या आधी तिची टकळी सुरू व्हायची. आता कसं झालं शाळेत, तर "गुड". काय खाल्लंस, तर "टिफिन". कशी आहेस, तर "आय ॲम फाईन". हे शेवटचं वाक्य तर तिला पक्कं बसलं होतं. हाऊ आर यूला एकच उत्तर असतं, असं शिकवलेलं. दुसरंही काही उत्तर असू शकतं, हे ना शाळेनं सांगितलं, ना आईनं. आई म्हणणंही बंद झालं होतं. संचिता आता मम्मा होती.

घरात मराठी बंद होईना ती एका माणसामुळे, सुदेशच्या आईमुळे. गंगुबाई जुन्नरकडच्या. नवरा गेल्यावर लेकाकडे राहायला आलेल्या. बाईंचं तोंड म्हणजे गिरणी, देवाशी बोलतील, दूध उतू गेलं तर दुधाशी बोलतील. सान्वीला मांडीवर घेऊन तिच्या पोटावर हात फिरवत जेवलीस का, किती जेवलीस, पोट टम्म झालं का, असं विचारायची त्यांची रीत. आणि इथंच संचितानं एक खूळ काढलं. सान्वीच्या वेणीच्या लाल फितीचा तुकडा कापून तिनं घरातही तसाच बिल्ला केला. शाळेत चालतं ते घरात चाललं तर पोर लवकर सुधारेल, हा तिचा हिशोब.

पहिल्याच दिवशी बिल्ला गंगुबाईंच्या पदराला लागला. लावला सान्वीनंच, मुकाट्यानं, नियमाप्रमाणे. म्हातारीला वाटलं, नातीनं कौतुकानं फूल लावलं. ती खुशीत म्हणाली, "ग्वाड दिसतंय गं बाय. आता तूच काढशील तवा काढायचं." आणि बिल्ला मिरवत बिल्डिंगच्या कट्ट्यावर जाऊन बसली. शेजारच्या बायकांनी काय ते विचारलं, संचितानं सांगितलं, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गंगुबाई पण त्यांच्यासोबत हसल्या. कशाला हसतायत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सुदेशला ते लागलं. पण लागून त्यानं केलं काय, तर गणपती उठल्यावर आईला म्हणाला की परीक्षा होईस्तोवर मोहन्याला मालनताईकडे राहा. मालन त्याची थोरली बहीण. आईचा बिल्ला काढायचा सोडून त्यानं आईलाच घरातून काढलं. गंगुबाईंनी पिशवी भरली, तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि दारात चपला घालताना सुनेकडे वळल्या.

"संचिता, माज्या बोलन्याचा तरास व्हतोय तर जाते मी. पर पोरीला गप करू नगंस. बोलनाऱ्याचं हुलगंबी इकत्यात, आन् न बोलनाऱ्याचं गहूबी पडून ऱ्हात्यात."

संचितानं ऐकलं न ऐकलंसं केलं. गॅसवर भाजी होती. सान्वी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती, ती आजीला काही बोलली नाही, नुसता हात हलवला. म्हातारीच्या पदराला बिल्ला तसाच होता.

त्यानंतर घरात काय शांतता झाली म्हणून सांगू. सुदेश यायचा, जेवायचा, मोबाईल बघायचा. संचिताला येत होतं तेवढं इंग्रजी "कम, ईट, स्लीप, स्टडी" एवढ्यात संपायचं. जे त्यात बसत नव्हतं ते बोलायचंच राहून जाई. रडू आलं, भीती वाटली, मैत्रीण रुसली, यातलं काहीच त्यात बसत नव्हतं. अख्खं घर हळूहळू मुकं झालं आणि संचिता मात्र शेजारणींना सांगत होती की सान्वी आता इंग्लिशमध्येच विचार करते.

परिसराच्या पेपराआधी, शनिवारी सान्वीनं डबा तसाच परत आणला. संचितानं विचारलं, "व्हाय नॉट ईट?" तर पोर म्हणाली, "आय ॲम फाईन." रविवारी ती पुस्तक घेऊन कोपऱ्यात वाकून बसली, गुडघे छातीशी घेऊन. अभ्यासात गढली म्हणून संचिताला बरं वाटलं. दुपारी तिला उलटी झाली. परीक्षेची भीती, सगळ्याच पोरांना होते, असं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं आणि संचितानं साखर-मिठाचं पाणी पाजलं. अंग कोमट लागत होतं. तापाचं औषध दिलं. सुदेशनं दोनदा विचारलं, "एनी पेन?" आणि पोरीनं दोनदा मान हलवली. नाही म्हणून की कळलं नाही म्हणून, हे त्यानं तरी कुठं विचारलं?

सोमवारी सकाळी सान्वी एकदम शांत उठली. वाकणं नाही, कण्हणं नाही. वेणी घालताना तिनं सगळी उत्तरं घडाघडा म्हटली. संचितानं देवाला हात जोडले, तिला व्हॅनमध्ये बसवलं आणि ऑल द बेस्ट म्हणाली. व्हॅनवाला बंटी म्हणाला, "ताई, बेबी एकदम पिवळी दिसतेय." संचिता म्हणाली, काही नाही रे, रात्री जागून अभ्यास केलाय.

आतून काय झालं होतं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अपेंडिक्स फुटलं की ठणका थोडा वेळ थांबतो. बरं वाटतं. आणि मग विष पोटभर पसरतं.

पोरीनं पेपर पुरा लिहिला. शेवटच्या पानावर माणसाच्या शरीराचं चित्र होतं, त्यात पोट दाखवून नाव लिहायचं होतं, तेही तिनं लिहिलं. मग पेपर बाईंच्या हातात दिला आणि टेबलापाशीच कोसळली.

कल्याणच्या हॉस्पिटलात संचिता पोचली तेव्हा सान्वी खाटेवर होती, ओठ पांढरे, पोट फुगून ताठ. तपासायला डॉक्टर प्रमोदिनी आल्या, पिकल्या केसांच्या, पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या. त्यांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, "कुठे दुखतंय बाळ तुला?"

सान्वीनं उत्तर दिलं नाही. तिनं आईकडे बघितलं. मग आईच्या मागे कोण उभं आहे ते बघितलं. डॉक्टरांना वाटलं, मुलीला मराठी येत नसावी. त्यांनी इंग्रजीत विचारलं की तुझं स्टमक कुठे आहे, दाखव बरं मला.

पोरीच्या डोळ्यांत ओळख आली. हा प्रश्न तिचा होता. कोरड्या ओठांनी ती म्हणाली, "स्टमक इज ॲन इंटर्नल ऑर्गन. स्टमक डायजेस्ट्स अवर फूड." हात मात्र तसाच बाजूला पडून राहिला. दाखवला नाही, कारण स्टमक पुस्तकात होतं. दुखत होतं ते पोट होतं.

डॉक्टर प्रमोदिनींनी संचिताकडे बघितलं.

"दोन दिवस तरी ही मुलगी तळमळली असणार," डॉक्टर म्हणाल्या. "घरात कुणाला काहीच बोलली नाही?"

काय सांगणार होती ती? की आम्हीच तिला बोलू नकोस म्हणून शिकवलं? ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरच्या चाकाबरोबर संचिता धावत होती, पदर जमिनीवर लोळत होता, आणि सवयीनं तिच्या तोंडातून निघालं, "डोंट क्राय, डोंट क्राय." पोर कुठं रडत होती? रडत तर ती स्वतः होती.

ऑपरेशन झालं. पू पोटभर पसरला होता. दोन दिवसांनी पुन्हा पोट उघडावं लागलं. काचेमागे सान्वी नळ्यांच्या जाळ्यात पडलेली, आणि बाहेर सुदेश भिंतीला डोकं टेकून बसलेला. तो माणूस आठवडाभर एकच वाक्य बोलत होता, मी विचारलेलं गं तिला, मी विचारलेलं. वाचेल का, या प्रश्नाला डॉक्टर हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. संचितानं टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलला. बोलताना तिच्या मनात आलं, आपण देवाशीही मराठीतच बोलतोय.

काचेमागून सान्वीला बाहेर आणलं तेव्हा ती हाडाची काडी झाली होती. डोळे उघडे, पण शब्द नाही. नर्स सकाळी येऊन लाडानं हाऊ आर यू म्हणाली की नाकातल्या नळीसकट ती पुटपुटायची, "आय ॲम फाईन." टाके ओढत असतानाही आय ॲम फाईन. डॉक्टर म्हणाल्या, हिला कुठे किती दुखतं ते कळल्याशिवाय आम्ही आंधळे आहोत, पुन्हा आत पू झाला तर समजणार कसं? हिला बोलतं करा. आणि बोलतं कसं करायचं, तेच तर त्या घराला आता येत नव्हतं.

शेवटी मालन गंगुबाईंना घेऊन आली. म्हातारी वाटेत रडून घेऊन आली असावी, कारण आत आली तेव्हा डोळे कोरडे होते. नातीच्या उशाशी बसून तिनं केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "सानू, ए माजी बाय. लई दुखतंय का गं?"

सान्वीचे ओठ हलले. काहीतरी येणार, असं संचिताला वाटलं. आणि पोरीची नजर आजीच्या पदरावर गेली. तिथं लाल बिल्ला होता. मळला होता, पण होता. मोहन्यात इतके दिवस म्हातारीनं तो सोडला नव्हता, लुगडं बदललं की नव्या पदराला लावून घ्यायची, नातीनं लावलाय, नातच काढील म्हणून. सान्वीनं बिल्ला बघितला आणि ओठ मिटून घेतले.

संचितानं ते बघितलं. आपण पोरीचं काय केलंय, ते तिला त्या घटकेला कळलं. तिनं सासूच्या पदराची पिन काढली, तो बिल्ला मुठीत घेतला आणि सुदेशला म्हणाली, मी शाळेत जाऊन येते. त्या दिवशी शाळेत निकालाचा दिवस होता.

वर्गाबाहेर पालकांची रांग होती. सगळे नटूनथटून, आणि सगळे कुजबुजत, मुलांना ओठांवर बोट ठेवून दाखवत. वर्गबाई आसावरी मिस टेबलापाशी, शेजारी मुख्याध्यापिका. परिसर अभ्यासात सान्वीला पैकीच्या पैकी होते. मुख्याध्यापिकांनी इंग्रजीत हळहळ व्यक्त केली, पेपर मात्र तिनं उत्तम लिहिला म्हणाल्या.

संचिता मराठीत बोलू लागली तशी त्या हलकेच म्हणाल्या की मॅडम, इंग्लिश प्लीज, मुलं ऐकताहेत. संचितानं मूठ उघडली, बिल्ला काढला आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या खांद्याशी टोचला.

"नियम मला माहितीये, बाई. म्हणून लावून घेतला. आता मी बोलणार." "माझ्या मुलीला पोट काय काम करतं ते तुम्ही शिकवलंत. ते तिचंच पोट आहे, हे कुणी नाही सांगितलं. तुम्ही नाही आणि मीही नाही. पोट फुटेपर्यंत ती आय ॲम फाईन म्हणत होती. हे मार्क मला नकोत. आणि माझी मुलगी इथं परत येणार नाही. मराठी शाळेत जाईल. इंग्रजी तिथंही शिकेल, पण बोलत बोलत शिकेल."

रांगेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी पुढं आलं नाही. बहुतेकांनी मोबाईलमध्ये तोंड घातलं. एका बाईनं तेवढं खाली वाकून आपल्या मुलाला दबक्या आवाजात विचारलं, "तुला काही होतं का रे?" त्या पोरानं उत्तर द्यायच्या आधी मुख्याध्यापिकांकडे बघितलं.

फाटकापाशी आसावरी मिस मागून धावत आली. कोवळीच होती, विठ्ठलवाडीची, संचिताच्याच माहेरच्या गल्लीपलीकडची. रडत म्हणाली, "ताई, पेपर लिहिताना तिनं पोट धरलेलं, मी बघितलेलं. मी एनी प्रॉब्लेम विचारलं, ती नो मिस म्हणाली. मराठीत विचारायला हवं होतं. आम्हालाही नियम आहे हो." संचिताकडे तिला द्यायला माफी नव्हती आणि शिवीही नव्हती. पुढच्या पोराला मराठीत विचार, एवढं म्हणून ती रिक्षात बसली.

हॉस्पिटलात सान्वी जागी होती. आईच्या खांद्यावर तिला बिल्ला दिसला आणि तिचे डोळे मोठे झाले. संचिता खाटेच्या कडेला बसली. कितीतरी महिन्यांनी ती लेकीशी तिच्या भाषेत बोलली, आणि शब्द जड जात होते.

"सानू, बिल्ला एकच असतो ना? तो आता माझ्याकडं आहे. मी कुणालाच देणार नाही. माझ्याकडंच राहणार, कायमचा. आता तू बोल, आजी बोलेल, बाबा बोलतील. कुणाला काही होणार नाही."

पोर विचार करत राहिली. खेळाचा नियम तिला तोंडपाठ होता. बिल्ला एकाकडे असला की दुसऱ्याला लागत नाही, जोवर तो पकडत नाही. तिनं आईकडे बघितलं, आजीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग चादरीखालून तिचा हात सरकत सरकत वर आला आणि पट्टीच्या बाजूला, पोटावर येऊन थांबला.

"आई," ती म्हणाली, "पोटात दुखतंय."

गंगुबाईंनी तोंडात पदर कोंबला. सुदेश डॉक्टरांना बोलवायला धावला. आणि संचिता लेकीच्या हातावर हात ठेवून म्हणत राहिली, "सांग, सांग, कुठं दुखतंय, अजून सांग."